तडजोडीने मिटलेल्या खटल्याला ‘निर्दोष’ म्हणू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात तालुक्याच्या पानावर एक बातमी होती. मथळा होता, ‘शेतात घुसल्याच्या गुन्ह्यातून चौघे निर्दोष’. बातमी सात ओळींची. सहाव्या ओळीत ‘फिर्यादीने तडजोडीची पुरसीस दिल्याने’ असे चार शब्द होते. पुरसीस म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन. त्या फिर्यादीला मी ओळखत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या गावात पारावर आणि दूध डेअरीवर काय बोललं गेलं असेल, ते मी सांगू शकते. ‘खोटी केस टाकली होती, कोर्टात उघडी पडली.’ हेच वाक्य माझ्याबद्दल बोललं गेलं आहे. म्हणून हे पत्र. लांब झालं तर कापा, पण मथळ्याबद्दलची विनंती कापू नका.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्यामागे अडीच एकर कोरडवाहू जमीन माझ्या नावावर आहे आणि एक गडी लावून मीच ती करते. जून २०१९ मध्ये पहिला चांगला पाऊस झाला. सोयाबीन पेरायच्या आदल्या दिवशी शेजारच्या गटाचे मालक, नात्यानं माझे चुलत दीर, ट्रॅक्टर घेऊन आले. आमच्या दोघांमधला बांध त्यांनी नांगरून काढला आणि उत्तरेच्या टोकाला चार फूट माझ्या रानात सरकले. बांधावरचं सासऱ्यांनी लावलेलं लिंबाचं झाड मुळासकट पडलं. मी आडवी गेले तेव्हा जे ऐकलं ते छापण्यासारखं नाही. दीर आणि त्यांचा थोरला मुलगा बांधावर उभे होते. ट्रॅक्टरवर धाकटा होता, तेव्हा एकोणीस वर्षांचा, माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

तिसऱ्या दिवशी गुन्हा नोंदला गेला. भारतीय दंड संहितेची कलमं ४४७, ४२७, ५०४, ५०६, आणि सोबत ३४. शेताच्या भांडणात ही कलमं बहुधा अशी एकत्रच येतात, हे पुढे कळलं: आत शिरणं, नुकसान, शिवीगाळ, धमकी आणि हे सगळं मिळून करणं. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू होते. तिथे ४४७ ची जागा ३२९ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानं घेतली आहे. कैद पूर्वीइतकीच, तीन महिन्यांपर्यंत. दंडाची कमाल मर्यादा ५०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेली. राहत्या घरात शिरलं तर कैद वर्षापर्यंत आहे.

गुन्हा नोंदला त्याच संध्याकाळी तिघेही गावात फिरताना दिसले. लोक म्हणाले, पैसे देऊन सुटले. मलाही तसंच वाटलं आणि मी रात्रभर जागी राहिले. ते चूक होतं. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस तो स्वतःहून नोंदवून तपास करू शकतात. पण तो जामीनपात्रही आहे. जामीन हा आरोपीचा हक्क असतो, ठाण्यातल्या कुणाची मेहेरबानी नव्हे. एवढी गोष्ट त्या दिवशी ठाण्यात कुणी दोन वाक्यांत सांगितली असती तर माझा अर्धा राग तिथेच उतरला असता.

आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नाही, तिची रुखरुख आजही आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम नावाचा १९०६ चा कायदा आहे. शेतजमिनीचा ताबा कुणी बेकायदा घेतला, वाट अडवली, पाणी अडवलं, तर तहसीलदारांकडे दाद मागता येते. मुदत घटनेपासून सहा महिने. दिवाणी न्यायालयातही विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या सहाव्या कलमाखाली मालकी कुणाची हा प्रश्न बाजूला ठेवून नुसता गेलेला ताबा परत मागता येतो, त्यालाही मुदत सहा महिनेच. मी फौजदारी गुन्हा नोंदवून निर्धास्त बसले. मला वाटलं, कोर्ट आता माझा बांध परत घालून देईल. दोन्ही मुदती त्या वाट बघण्यात गेल्या. फौजदारी कोर्ट शिरणाऱ्याला शिक्षा करतं. बांध कुठून जातो ते ठरवणं त्याचं काम नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खटला दोन वर्षांचा झाला होता.

दोषारोपपत्र नोव्हेंबर २०१९ मध्ये गेलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पुढची तारीख कधी, हे कुणालाच सांगता येईना. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आरोपींना गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवला गेला. दोन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे समन्स खटला म्हणून चालतात. त्यात रीतसर आरोप ठेवण्याची पायरी नसते, तपशील सांगून ‘कबूल आहे का’ एवढं विचारतात. तिघांनी ‘कबूल नाही’ म्हटलं. मी त्या दिवशी दारात उभी होते. पाच मिनिटांत झालं सगळं.

माझी साक्ष सप्टेंबर २०२२ मध्ये झाली. उलटतपास मला शब्द न् शब्द आठवतो. वकील नम्रपणे बोलत होते.

‘बाई, तुमच्या जमिनीची मोजणी कधी झाली?’

‘माझ्या माहितीत नाही.’

‘म्हणजे मूळ बांध कुठे होता ते तुम्ही नजरेच्या अंदाजानं सांगता?’

‘पस्तीस वर्षं बघतेय मी तो बांध.’

‘नजरेनंच ना?’

‘हो.’

खाली उतरले तेव्हा पाय थरथरत होते. तालुका विधी सेवा समितीनं मला एक वकील बाई दिल्या होत्या (स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे, हे जास्त बायकांना माहीत हवं). खटला चालवायला सरकारी वकील होते, या बाई मला समजावून सांगायला. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी जे सांगितलं, ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे.

पहिलं, हा गुन्हा ताब्याविरुद्धचा आहे, मालकीविरुद्धचा नाही. सातबाऱ्यावर माझं नाव आहे एवढ्यानं भागत नाही. त्या दिवशी ती पट्टी प्रत्यक्ष कोण कसत होतं, ते दाखवावं लागतं. पीक पाहणीची नोंद, बियाणाच्या पावत्या, गड्याची साक्ष ही त्यासाठी. दुसरं आणि अवघड, नुसतं आत शिरणं पुरत नाही. गुन्हा करण्याचा, किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा इरादा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं मथरी विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सांगितलं आहे, की त्रास होईल हे शिरणाऱ्याला ठाऊक होतं एवढं दाखवून चालत नाही. त्रास देणं हाच शिरण्याचा हेतू होता हे सिद्ध करावं लागतं. माझ्या दिरांचा बचाव सरळ होता: ‘बांध आमचाच समजून आम्ही नांगरला.’ हे म्हणणं प्रामाणिक वाटलं तर गुन्हा टिकत नाही. मग तो वाद दिवाणी.

त्या दिवशी मी चिडून विचारलं, मग हे कलम ठेवलंय कशाला? त्या म्हणाल्या, ‘बाई, प्रत्येक बांधाच्या भांडणात माणसं तुरुंगात जायला लागली तर गावात कोण उरेल?’ तेव्हा पटलं नाही. आज पटतं.

साक्षीनंतर चार महिन्यांनी पंच फितूर झाला. पंचनाम्यावर सही माझीच, पण माझ्यासमोर काही झालं नाही, असं तो म्हणाला. त्याला रोज त्यांच्या वाटेनं जावं लागतं. मी त्याला दोष दिला नाही.

या साऱ्या काळात मी सत्तावीस तारखा केल्या. साक्षीची तारीख नसली तरी जायचे, कुणी सांगितलं होतं की फिर्यादी हजर दिसावा. त्या बाकांवर बसून अशा खटल्यांचे शेवट मी इतके पाहिले, की पुढच्या खटल्याचं काय होणार ते मला बोर्डावरची नावं वाचूनच कळू लागलं. फार थोडे खटले निकालपत्रापर्यंत पोहोचतात. कित्येक तर कोर्टाच्या दारापर्यंतही येत नाहीत. पोलीस ‘क’ समरी मागतात, म्हणजे प्रकरण बंद करायची परवानगी: गोष्ट खरीही नाही, खोटीही नाही, दिवाणी स्वरूपाची आहे. फिर्याद मुद्दाम खोटी असेल तर त्याला ‘ब’ समरी म्हणतात, ती वेगळी. काही खटले मुदतीत बसत नाहीत. वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची फिर्याद वर्षाच्या आतच व्हावी लागते, आणि गावातली माणसं ‘बघू, पंचांना बसवू’ म्हणत दीड वर्ष घालवतात. पोलिसांनी नोंद न घेतल्यानं थेट कोर्टात केलेल्या खासगी फिर्यादीत फिर्यादी तारखेला आलाच नाही, तर आरोपी त्या कारणानंही सुटू शकतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं तसंच झालं. ते दवाखान्यात होते आणि वकिलाला निरोप पोहोचला नव्हता.

सगळ्यात जास्त मनाला लागला तो एका दुपारचा प्रसंग. बांधकामावर काम शोधत आलेले दोन मजूर, पावसात एका बंद गोदामाच्या आत झोपलेले सापडले होते. पुकारा झाला, दोघे हात जोडून उभे राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, ‘समजून कबूल करताय ना?’ दोघांनी मान हलवली. प्रत्येकी तीनशे रुपये दंड. एकाकडे दोनशेच होते, दुसऱ्यानं भर घातली. बाहेर आल्यावर मी विचारलं, चोरी करायला शिरला होतात का? ‘नाही बाई, पाऊस होता. पण परत परत तारखेला कोण येणार, मुकादम काढून टाकंल.’ पाऊस चुकवायला शिरणं हा त्रास देण्याचा हेतू कसा, हा प्रश्न त्यांच्या वतीनं विचारायला कुणी नव्हतं. पहिलाच गुन्हा असेल तर ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची सोय १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात आहे, तीही कुणी मागितली नाही. आणि कबुली म्हणजे दोषसिद्धी. ती कागदावर राहिली. ज्यांचा गुन्हा बहुधा झालाच नव्हता ते दोघे कागदोपत्री दोषी, आणि बांध नांगरणारे पुढे फलक लावून निर्दोष. हे मी कुणाला कमी लेखायला लिहीत नाही. शब्द किती जपून वापरायला हवेत, ते कळावं म्हणून लिहिते.

आता तडजोडीविषयी. कारण आमच्या तालुक्यात मी पाहिलेले बहुतेक खटले तडजोडीनंच मिटले.

कलम ४४७ आणि ४४८ (घरात शिरणं) आपसात मिटवता येतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२० व्या कलमात तक्ता आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तोच ३५९ व्या कलमात. मिटवण्याचा अधिकार त्या मिळकतीचा ताबा असणाऱ्याचा, आणि त्याला कोर्टाची परवानगीसुद्धा लागत नाही. ४२७ खाली ज्याचं नुकसान झालं तो, ५०४ खाली ज्याचा अपमान झाला तो, ५०६ खाली ज्याला धमकावलं तो मिटवू शकतो. माझ्या खटल्यात या सगळ्या ठिकाणी मीच होते. आणि त्याच ३२० व्या कलमात पुढे म्हटलं आहे, की अशा तडजोडीचा परिणाम आरोपीच्या दोषमुक्तीसारखा होईल. कायद्यानं हे शहाणपणानं केलं आहे. खटला पुन्हा उकरता येऊ नये, म्हणून. पण या वाक्यात फिर्याद खोटी होती असं कुठेही म्हटलेलं नाही. फिर्याद बिनबुडाची आहे असं न्यायाधीशांना वाटलं, तर फिर्यादीनं आरोपीला भरपाई द्यावी असा आदेश करण्याची वेगळी तरतूद आहे. माझ्या खटल्यात तसा आदेश झाला नाही, आणि त्या मथळ्यातल्या खटल्यातही झाल्याचं आपल्या बातमीत नव्हतं.

मी तडजोड का केली? २०२३ च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी जाऊबाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘ताई, पोरगं नुसतं ट्रॅक्टरवर होतं. बाप म्हणाला चालव, त्यानं चालवला. दोन वर्षं झाली पहाटे चारला उठून पळतंय, पोलीस भरतीसाठी. चारित्र्य पडताळणीत ही केस निघणार.’ त्यांनी दिरांची बाजू मांडली नाही, माफीही मागितली नाही. फक्त मुलाविषयी बोलल्या.

एव्हाना माझी मोजणी झालेली होती. त्या उलटतपासानंतर मी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज केला होता. एप्रिल २०२३ मध्ये भूकरमापक आले, लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या, खुणा झाल्या, मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात आली. उत्तरेला दीर चार फूट माझ्यात होते, हे स्पष्ट झालं. आणि दक्षिणेच्या टोकाला माझाच जुना बांध फूटभर त्यांच्या जमिनीत होता, हेही. पस्तीस वर्षं मी तो बांध बघत होते. तो कागद मी दोन दिवस कुणाला दाखवला नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही टोकं स्वतः टेपनं मोजली आणि मग माझ्या वकील बाईंना फोन केला.

डिसेंबर २०२३ च्या राष्ट्रीय लोक अदालतीत खटला ठेवला गेला. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी पुरसीस आणली होती, छापील असावी तशी: ‘उभय पक्षांत आपसात तडजोड झाली असून फिर्यादीची आता काही तक्रार नाही.’ एवढंच. सही करायला मी पेन काढलं. पॅनेलवरच्या न्यायाधीश बाईंनी पुरसीस वाचली आणि विचारलं, ‘बांधाचं काय ठरलं?’ कुणी काही बोलेना. त्या म्हणाल्या, ‘मग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा याल.’ त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. लिंबोणीच्या कुंडीशेजारी पायरीवर बसून आम्ही, म्हणजे मी, दीर, थोरला पुतण्या आणि दोन वकील, तासभर बोललो. ‘क’ प्रत मधे पसरली होती. मग लिहिलं: दगड नकाशातल्या खुणांवर रोवायचे, उत्तरेला त्यांनी चार फूट मागे जायचं, दक्षिणेला मी एक फूट सोडायचा, खर्च निम्मा निम्मा, नवीन बांधावर दोघांनी प्रत्येकी तीन झाडं लावायची. झाडांचं कलम दिरांनी स्वतः घालायला सांगितलं. ते पडलेल्या लिंबाविषयी एवढंच बोलले.

हे निवाड्यात लिहिणं फार महत्त्वाचं आहे, आणि याकडे वकील मंडळीही घाईत दुर्लक्ष करतात. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नसतं. फौजदारी खटल्यातून लोक अदालतीत गेलेल्या प्रकरणातला निवाडाही हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये धनादेशाच्या एका खटल्यात सांगितलं आहे. म्हणजे दोन ओळींची पुरसीस दिली तर आरोपी सुटतो आणि बांध आहे तिथेच राहतो. अटी लिहून निवाडा घेतला तर उद्या कुणी फिरला तरी दाद मागायला हातात कागद असतो. माझे दगड फेब्रुवारी २०२४ मध्ये रोवले गेले. आजवर कुणी हलवले नाहीत.

पण त्याआधी फलक लागला. लोक अदालतीनंतर तिसऱ्या दिवशी एस. टी. थांब्यासमोर, थोरल्या पुतण्याच्या मित्रमंडळानं. ‘सत्याचा विजय! खोट्या गुन्ह्यातून निर्दोष मुक्तता.’ खाली अकरा जणांचे फोटो. त्याच दिवशी एका वर्तमानपत्रात, आपल्या नव्हे, चार ओळी आल्या, त्यातही ‘निर्दोष’. कोर्टाच्या आदेशाची नक्कल माझ्याकडे आहे. त्यात ‘तडजोड झाल्याने कलम ३२०(८) प्रमाणे दोषमुक्त करण्यात येत आहे’ असं वाक्य आहे. दोषमुक्त आणि निर्दोष हे शब्द कोर्टाच्या कामकाजात एकमेकांच्या जागी वापरले जात असतील. गावात वापरले जात नाहीत. गावात निर्दोष म्हणजे ज्यानं केलंच नाही तो, आणि मग उरतो तो खोटारडा फिर्यादी. ज्या शाळेत मी तेवीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं, तिच्या समोर तो फलक सव्वा महिना होता. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं नाही. पण रोज जाताना मान ताठ ठेवायला त्रास झाला, तो खरा.

कायद्याला हा फरक नीट कळतो. २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीविषयीच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की उमेदवार कसा सुटला हे पाहण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे. तडजोडीमुळे किंवा साक्षीदार फितूर झाल्यामुळे झालेली सुटका आणि सन्मानानं झालेली सुटका एकच धरता येत नाही. जो फरक सर्वोच्च न्यायालय करतं तो मथळ्यात का नाहीसा होतो?

संपादक महोदय, माझी विनंती छोटी आहे. जिथे तडजोडीनं खटला मिटला तिथे ‘तडजोडीने मिटला’ लिहा. जिथे पुराव्याअभावी सुटले तिथे ‘पुराव्याअभावी’ लिहा. शब्द जवळजवळ तेवढेच लागतात. आपल्या वार्ताहरानं आदेशाची शेवटची चार वाक्यं वाचली तरी पुरतं. आदेश न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर बहुधा दुसऱ्या दिवशी मिळतो. याचा फायदा फिर्यादीला आहे तेवढाच आरोपीलाही. लोक तडजोडीला का बिचकतात, ते मी त्या बाकांवर ऐकलं आहे. ‘मिटवलं तर मीच खोटी ठरेन.’ एका बाईनं निव्वळ या भीतीनं लोक अदालतीतून उठून जाताना मी पाहिलं. तिचा खटला अजून चालू आहे.

आणि आमच्या तालुका विधी सेवा समितीला, त्यांच्यापर्यंत हे पोहोचलं तर, सांगायचं आहे, की जमिनीत शिरण्याच्या खटल्यात नुसती पुरसीस घेऊ नका. ‘बांधाचं काय ठरलं’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. त्या न्यायाधीश बाईंची बदली झाली आहे. त्यांना कळणारही नाही की त्या एका प्रश्नानं आमच्या दोन घरांतलं काय वाचलं.

गेल्या महिन्यात धाकटा पुतण्या आदेशाची नक्कल आणि भरतीचा अर्ज घेऊन आला. ‘काकू, इथे विचारलंय, कधी गुन्हा दाखल झाला होता का. मित्र म्हणतात नाही लिही, सुटलाय तू.’ मी म्हटलं, लपवलंस तर पुढे त्याच कारणानं जाईल नोकरी. मग काय लिहू, म्हणाला. मी त्याच्यासमोर आदेश ठेवला आणि शेवटचं वाक्य दाखवलं. त्यानं ते चौथीत शुद्धलेखन लिहायचा तसं, ओठ हलवत, जसंच्या तसं उतरवलं. गुन्हा क्रमांक, कलमं, आणि ‘तडजोड झाल्याने दोषमुक्त’. एका जागी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते मी दुरुस्त करून दिलं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव व गाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)